पत्र्याच्या खोलीतला खोकला

परळी रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर येतोय हे दिव्यांच्या आधी गाण्यावरून कळतं. मागे दोन ट्रॉल्या, दोरखंडाबाहेर लोंबणारे वाढे आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बांधलेले स्पीकर. पळणारी पोरं एकमेकांना ओरडून सावध करतात, साइडपट्टीवर उतरतात आणि ट्रॅक्टर फुफाटा उडवत निघून गेला की पुन्हा डांबरावर चढतात. पहाटेचे पाच वाजायला आलेत. डिसेंबर अर्धा सरलाय. परभणी जिल्ह्यातला हिवाळा म्हणजे चेष्टा नाही. कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा एक आकडी उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात शेकोटीचा फोटो ठरलेला. सोनपेठ अजून गोधडीत आहे. जागी आहेत ती ही अठ्ठावीस पोरं, त्यांची वेळ मोजणारे मेजर आणि कानटोपी घालून त्यांच्याजवळ उभा असलेला मी.

मेजर म्हणजे खरं तर हवालदार. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. नोकरीतली बरीच वर्षं बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर, रंगरुटांच्या एमआय रूममध्ये, म्हणजे तपासणीच्या दवाखान्यात, काढली आणि पेन्शन घेऊन गावी आले. आमच्याकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. हुद्दा विचारायची पद्धत नाही. गावातल्या भरती अकॅडमीच्या सरांनी त्यांना सकाळच्या ग्राउंडसाठी बोलावलंय. ग्राउंड म्हणायचं, पण मैदान नाहीच. पुलाच्या कठड्यापासून चुन्याच्या खुणेपर्यंत जाऊन-येऊन सोळाशे मीटर भरतात, तेच ग्राउंड. अग्निवीर भरतीत हे सोळाशे साडेपाच मिनिटांच्या आत मारले की पैकीच्या पैकी साठ गुण. पोलीस भरतीला जाणाऱ्या मुलांनाही सोळाशेच पळायचंय. त्यामुळं अर्धी पोरं फौजेची, अर्धी खाकीची, आणि रस्ता एकच.

"पाच बावीस! पाच एकोणतीस! पाच चाळीस, तू लेका वळताना थांबायलास!"

मेजर वेळ ओरडतात, एक पोरगं वहीत लिहितं. शेवटून दुसरा येतो तो कडेला उतरून गुडघ्यांवर हात टेकतो. उजवा हात मात्र गुडघ्यावर राहत नाही, बरगडीखाली जातो. बाकीच्यांचा दम दोन मिनिटांत बसतो. याचा बसत नाही. मेजर स्टॉपवॉच खिशात टाकतात, मोबाइलचा टॉर्च लावतात आणि पोराच्या तोंडाकडं नाही, नाकाकडं बघतात. नाकपुड्या फुलतायत.

"काय व्हायलंय?"

"काय नाई मेजर. चमक भरली."

"चमक किती दिसापासून?"

"आत्ताच."

मागून कुणीतरी म्हणतं, "खोटं बोलायलाय मेजर. तीन दिस झाले. रातभर खोकायलाय, कुनाला झोपू देईना." पोरगं मान वळवून त्या आवाजाकडं असं बघतं की तो आवाज पुन्हा येत नाही. "रविवारी डेमो हाय ना," ते पुटपुटतं. डेमो म्हणजे अकॅडमीची सराव चाचणी. तिच्या निकालाची यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते आणि त्या ग्रुपवर घरचे असतात.

मेजर कपाळाला पालथा हात लावतात. "रस्त्याच्या कडेला थुक. थुक म्हनलं ना!" टॉर्चच्या उजेडात मातीवर पडलेला बेडका पांढरा नाही, पिवळाही नाही. गंजल्या खिळ्याचं पाणी असावं तसा विटकरी आहे. मेजर काही बोलत नाहीत. बुटानं त्याच्यावर माती लोटतात आणि पोराच्या पाठीवर स्वतःचं जर्किन टाकतात.

फाट्यावरच्या हॉटेलात चहा मिळायला लागलाय. हॉटेलवाल्याचं निदान तयारच आहे. "एवढ्या गारठ्यात बनियनवर पळाल्यावर निमोनिया नाई होनार तर काय? छातीत थंडी बसली असंल." बाकड्यावरचे दोघं दूधवाले माना डोलावतात. दवाखान्यात, एसटी स्टँडवर, पोरांच्या घरी, सगळीकडं हेच ऐकायला मिळेल: पहाटेचं पळणं बाधलं. मला ते पटत नाही, आणि मेजरांना तर मुळीच नाही. या पोरांच्या चोवीस तासांतली छातीला सर्वांत कमी धोक्याची जागा कुठली असेल तर तो हा रस्ता. ट्रॅक्टरखाली यायची भीती सोडली तर. इथं खोकला आला तर वाऱ्यावर जातो. तो ज्या खोलीत वाऱ्यावर जात नाही तिकडं आम्ही आता चाललोय.

खोली म्हणजे खताचं जुनं गोदाम. वर पत्रा, समोर शटर, दोन बाजूंना दोन खिडक्या. हिवाळा लागल्यावर दोन्ही खिडक्या फ्लेक्सनं बंद केल्यात. एका फ्लेक्सवर कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत आणि छापील बाजू आत आलीय, त्यामुळं साहेब हात जोडून पोरांच्या गाद्यांकडं बघत हसतायत. शटरशेजारी पाण्याचा बंब. त्यात पऱ्हाट्या आणि पाचट जळतंय. बंब दाराबाहेर असला तरी धूर शटरखालून आत शिरतो आणि आत गेला की पत्र्याखाली तरंगत राहतो. डोळे चुरचुरतात. पोरांना काही वाटत नाही. त्यांच्या घरच्या चुलीही अशाच असणार.

मेजर खोलीची लांबी पावलांनी मोजतात. हे त्यांनी आधीही केलंय, आज मला दाखवायला करतायत. तीस फूट लांब, अठरा रुंद, उंची दहा धरा. म्हणजे पाच हजार चारशे घनफूट हवा. भागिले अठ्ठावीस. माणशी दोनशे घनफूटसुद्धा येत नाही. क्रिमियन युद्धानंतर १८५७ मध्ये इंग्लंडात लष्कराच्या आरोग्यावर एक आयोग बसला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं त्यासाठी आकड्यांचं रान उठवलं होतं. लढाई नसताना, घरच्याच बराकीत राहणारे निवडक धट्टेकट्टे शिपाई बाहेरच्या माणसांपेक्षा जास्त का मरतात, हा प्रश्न होता, आणि मरणाऱ्यांत छातीचे आजार पुढं होते. आयोगानं सांगितलं, बराकीत माणशी निदान सहाशे घनफूट हवा पाहिजे. सोनपेठच्या या गोदामात तिचा तिसरा हिस्साही पोरांच्या वाट्याला येत नाही, आणि महिन्याला फी आहे.

ऊन वर आलंय. पोरं परत येतात आणि आल्या आल्या पहिलं काम करतात ते ब्लँकेटं झटकायचं. आतच. पत्र्याला एक खिळ्याएवढं भोक आहे, त्यातून उन्हाची तिरीप आत येते. ब्लँकेट झटकलं की ती तिरीप एकदम घट्ट दिसायला लागते. लोकरीचे तंतू, माती, कातडीचा कोंडा, सगळं त्यात वर-खाली होतं.

"बाहेर! बाहेर नेऊन झटका! रोज सांगायचं का?" मेजरांचा आवाज पत्र्यावर आदळतो. दोन पोरं ब्लँकेटं घेऊन बाहेर जातात, बाकीची आहेत तिथंच घड्या घालतात.

मेजरांच्या या धुळीच्या रागामागं जुना इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं बराकींच्या फरशांना आणि पांघरुणांना चक्क तेल लावून पाहिलं, धूळ उडू नये म्हणून. नव्या भरतीत घशाच्या स्ट्रेप्टोकोकसनं धुमाकूळ घातला होता. तेलानं हवेतले जंतू कमी झाले, हे मोजून दिसलं. आजारी पोरांची संख्या मात्र तेवढी खाली आली नाही. शेजारच्या गादीवरचा माणूस खोकला तर थेंब थेट तोंडावर येतात, ते काही धुळीची वाट बघत बसत नाहीत. म्हणून मेजर धुळीपेक्षा गाद्यांवर जास्त चिडतात. दोन गाद्यांत जेमतेम बोटभर अंतर आहे. सगळ्यांची डोकी भिंतीकडं, म्हणजे एका ओळीत चौदा तोंडं, खांद्याला खांदा.

"सेंटरला आम्ही एक चारपाई आड डोकं फिरवायचो," ते म्हणतात. "याचं डोकं हिकडं, त्याचं तिकडं. म्हंजे एकाच्या तोंडापाशी दुसऱ्याचे पाय. पोरांना राग यायचा, वास येतो म्हनायची. म्हनलं, पाय धुवा मग."

एका कोपऱ्यात पाण्याचा जार आणि साखळीनं बांधलेला एकच स्टीलचा ग्लास. साखळी ग्लास चोरीला जाऊ नये म्हणून. दोरीवर टॉवेल आहेत, पण अठ्ठावीस नाहीत. नळाशी साबणाची वडी शोधली तर एक चपटा तुकडा मिळतो, तोही कपड्याचा. हातांचं महत्त्व कोविडनं आपल्याला शिकवलं असं आपण समजतो. अमेरिकेच्या नौदलानं ते १९९० च्या दशकात ग्रेट लेक्सच्या प्रशिक्षण तळावर करून बघितलं होतं. रंगरुटांना हुकूम सुटला की दिवसातून निदान पाच वेळा हात धुवायचे. पुढच्या दोन वर्षांत श्वसनाच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येणं ४५ टक्क्यांनी घटलं. औषध नाही, लस नाही, नुसता साबण.

पोरांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलंय. उठणे ४.००. अभ्यासिका रात्री ११.०० पर्यंत. मधे झोपेला पाच तास उरतात, त्यातही मोबाइल आहे. अमेरिकेत २००९ साली एक प्रयोग छापून आला होता: धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला आणि आधीच्या दोन आठवड्यांत कोण किती झोपलं ते ताडून पाहिलं. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. फौजेत काय, अकॅडमीत काय, कमी झोप ही मर्दुमकीची खूण मानतात. इथल्या फलकावर तर तसं चक्क लिहिलंय, सुविचार म्हणून.

आजारी पोरगं भिंतीला टेकून बसलंय. त्याच्या गादीखालून बिडीचं बंडल डोकावतं. मेजर ते बघतात, उचलतात, खिशात घालतात. एरवी निरोगी असलेल्या तरुणाला न्यूमोकोकसनं, म्हणजे न्यूमोनियाच्या नेहमीच्या जंतूनं, गाठायची शक्यता धूम्रपानानं कितीतरी वाढते, हे आता पक्कं ठाऊक आहे. श्वासनळ्यांतली घाण वर ढकलणारे बारीक केस धुरानं लुळे पडतात. पण आत्ता हे सांगायची वेळ नाही. मोटारसायकल बाहेर उभी आहे. पोराला मधे बसवून आम्ही तिघं निघतो. कायदा मोडतो, पण अॅम्ब्युलन्स मागवायची तर पोरगं पळून जाईल अशी मेजरांना खात्री आहे.

सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग आहे. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया कडेवर शेंबडी लेकरं घेऊन उभ्या आहेत. या पोराचे आई-बापही ऊसतोडीलाच गेलेत, पार कोल्हापूरकडं. त्याचा फोन दोनदा वाजतो, तो दोन्हीदा कापतो. "माय हाय," तो म्हणतो. "खोकला ऐकला की रडंल."

"आधी कुणाला दाखवलं होतं का?" मी विचारतो. तो मेजरांकडं बघतो, मग जमिनीकडं. दाखवलं होतं. कुठं ते सांगत नाही. दोन इंजेक्शनं घेतली, गोळ्यांच्या तीन पुड्या घेतल्या, ताप उतरला, दुसऱ्या दिवशी तो पळला. रात्री ताप पुन्हा आला. पुड्यांत काय होतं त्याला ठाऊक नाही. कागद नाही, पाकीट नाही. "दोन घंट्यात फ्रेश वाटलं," तो सांगतो. मेजर दात खातात. असं झटपट फ्रेश वाटवणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. ताप दबतो, आजार आत चालू राहतो.

"बेळगावला असंच," रांग पुढं सरकते तसे मेजर बोलू लागतात. "पोरगं एकशेतीन तापात परेड करायचं. सिक रिपोर्टला यायचंच नाही. कामून? तर ट्रेनिंगचे दिस बुडाले की रेलिगेट. म्हंजे मागच्या बॅचमधी ढकलनार. संगट आलेली पोरं कसम परेड करून जानार आन् हा आपला पुन्हा लेफ्ट-राइट. त्यापरीस मेलेलं बरं वाटायचं त्यांना. उस्ताद बी म्हनायचे, बहाना करायलाय. आन् बहाना करनारे बी असायचेच की. त्यांच्यापायी खरा मरायचा."

न्यूमोनियाच्या कारणांच्या यादीत हे कारण पुस्तकात सापडणार नाही. रंगरूट मुळात वयानं कोवळे, छाती फुगवून मोजून घेतलेले, तपासून पारखलेले. त्यांना न्यूमोनिया व्हायचं काही कारण नाही. तरी जगभर, दीडशे-दोनशे वर्षं, सैन्यात नवी भरती आणि छातीचा आजार ही जोडी सुटलेली नाही. मुंबईत १९१८ च्या फ्लूच्या साथीची पहिली चाहूल लागली तीही गणवेशातच: १० जूनला सात पोलीस शिपाई तापानं फणफणून पोलीस इस्पितळात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. युद्धावरून परतणारी जहाजं त्याच गोदीला लागत होती. पुढच्या काही महिन्यांत हिंदुस्थानात एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं गेली. त्या साथीत मेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे २००८ साली पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की फ्लूनं नुसता दरवाजा उघडला होता. आत शिरून घात केला तो बहुतेकांच्या घशात एरवी निमूट बसून असणाऱ्या न्यूमोकोकस-स्ट्रेप्टोकोकससारख्या जंतूंनी.

नंबर येतो. डॉक्टर तरुण आहेत, बाँडवर आलेल्या असाव्यात. त्या आधी स्टेथोस्कोप लावत नाहीत. पोराच्या पोटावर नजर ठेवून, मनगटी घड्याळाकडं बघत, पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजतात. त्या मिनिटात कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. दारातल्या मावशीला हातानंच थांबवतात. अठ्ठावीस. तिसाच्या आत आहे, पण फार आत नाही. बोटाला ऑक्सिमीटर: चौऱ्याण्णव. ताप एकशे दोन. मग पाठीवर, उजव्या बाजूला खाली, स्टेथोस्कोप बराच वेळ ठेवतात.

"एक-एक-एक म्हण."

"एक-एक-एक."

"मोठ्यानं."

डाव्या बाजूला आवाज पुसट ऐकू येतो, उजवीकडं खाली खणखणीत. हवेनं भरलेलं फुप्फुस आवाज मंद करतं; पू-पाण्यानं घट्ट झालेलं फुप्फुस तो जसाच्या तसा कानात पोचवतं. त्या मला नळ्या कानात घालून ऐकायला देतात. श्वास आत घेताना शेवटी शेवटी बारीक चरचर येते, कानाजवळ केसांची बट चोळावी तशी. पोरगं आमच्या तोंडांकडं बघत असतं.

एक्स-रे खिडकीशी धरतात तेव्हा शंका उरत नाही. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा.

"कुठला जंतू?" मी विचारतो.

"विटकरी बेडका, एकदम थंडी वाजून ताप, एका बाजूला दुखणं, म्हणजे बहुतेक न्यूमोकोकस," त्या म्हणतात. "पण नक्की नाव नका मागू. अमेरिकेत दवाखान्यात दाखल झालेल्या मोठ्या माणसांच्या न्यूमोनियावर एक मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. सगळ्या तपासण्या करूनसुद्धा शंभरातल्या बासष्ट जणांत जंतू सापडलाच नाही. मी इथं कुठून सांगू? मला कळायला हवं ते वेगळंच. याच्या खोलीत आणखी किती जण खोकतायत?"

मेजरांकडं वही आहे. वेळ लिहायची तीच वही, मागच्या पानावर. सात जण. दोघांचा नुसता घसा, ते परवाच सुरू झालेत. चौघांचा कोरडा खोकला, बारीक ताप, अंगदुखी, पण पळतायत. एकाचा तीन आठवडे झाले, जात नाही, संध्याकाळी अंग गरम होतं आणि त्याचं वजन उतरलंय.

डॉक्टर पेन थांबवतात. "दिवाळीच्या सुट्टीहून मुलं कधी आली?"

तिथंच गणित लागतं. गंगाखेड, परळी, माजलगाव, पाथरी, इथली आसपासची खेडी, सगळीकडून पोरं आली, प्रत्येक जण आपापल्या गावचे जंतू घेऊन आला, आणि त्याच आठवड्यात खिडक्यांना फ्लेक्स लागले. रेजिमेंटच्या सेंटरवर नवी बॅच उतरते तेव्हा हेच होतं, फक्त तिथं पोरं आणखी लांबून आलेली असतात. कोरड्या खोकल्याचे चौघे पळतायत यावरून डॉक्टरांना मायकोप्लाझ्माचा संशय आहे. हा शिरल्यावर दोन-तीन आठवडे गप्प असतो, मग खोलीतल्या एकेकाला सावकाश उचलतो आणि माणसाला अंथरुणाला खिळवतही नाही. चालता-फिरता न्यूमोनिया. १९४० च्या दशकात लष्करी छावण्यांत तो विषाणू समजला गेला. तो जिवाणू आहे हे कळून प्रयोगशाळेत वाढवायला १९६२ उजाडलं. त्याला पेशीभित्ती नसते. अमॉक्सिसिलिन नेमकं त्या भित्तीवर काम करतं, म्हणून इथं ते फुकट जातं. फिनलंडच्या सैन्यात त्याच्यासारखाच एक क्लॅमायडिया सापडला, तोही बराकींतून असाच सावकाश फिरला.

आणि अॅडिनोव्हायरस. त्याची गोष्ट मला सगळ्यांत चीड आणणारी वाटते. १९५४ मध्ये अमेरिकी रंगरुटांच्या घशातून तो हाती लागला. चौथा आणि सातवा प्रकार भरतीच्या पोरांना झोडपत होते. त्यावर तोंडानं घ्यायची गोळीच्या रूपातली लस निघाली, १९७१ पासून सगळ्या रंगरुटांना द्यायला लागले, आजार जवळजवळ गायब झाला. मग बनवणाऱ्या एकमेव कंपनीनं १९९६ मध्ये उत्पादन बंद केलं. साठा १९९९ पर्यंत पुरला. साठा संपला, साथी परत आल्या, काही पोरं मेली. लस पुन्हा मिळायला २०११ साल उजाडलं. ती आजही तिथल्या लष्करापुरतीच मंजूर आहे. आपल्याकडं, बराकीत किंवा पत्र्याच्या गोदामात, या विषाणूला अडवायला खिडकी आणि अंतर एवढंच आहे.

"तीन आठवड्यांचा खोकला आज, आत्ता इथं पाहिजे," डॉक्टर मेजरांना सांगतात. "दोन आठवड्यांच्या वर गेला की बेडका टीबीला तपासायचा, मग तो अग्निवीर असो नाहीतर कुणी. त्याला कुणी मधेच दुसरं अँटिबायोटिक दिलं का तेही विचारा. काही औषधांनी टीबी तात्पुरता दबतो आणि महिना-दोन महिने वाया जातात. तोवर तो सत्तावीस जणांत झोपणार."

आजारी पोराला त्या दोन दिवस ठेवून घेतात. अमॉक्सिसिलिन, जोडीला डॉक्सिसायक्लिन. पोरगं खाटेवर चढतं, सलाईन लागणार का विचारतं. नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडतो. सलाईनशिवाय दवाखाना कसला? मग थोडं थांबून खरा प्रश्न येतो.

"मॅडम, मेडिकलला दिसंल का हे?"

"काय?"

"डाग. भरतीच्या मेडिकलला एक्स-रे काढतेत."

"महिनाभरात बहुतेक निवळेल. कधी दीड महिना लागतो. सहा आठवड्यांनी ये, पुन्हा काढू."

तो बोटांवर महिने मोजतो. तिसऱ्यांदा वाजणारा फोन आता उचलतो. "हाव माय. नाई, ग्राउंडवरच हाय. पळायलोय, म्हनून दम लागायलाय." डॉक्टर तो फोन त्याच्या हातातून काढून घेतात आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही. बराच वेळ बोलतात.

साडेदहाला अकॅडमीचे सर येतात. माणूस वाईट नाही. स्वतः भरतीत दोनदा उंचीत गेलेला, तिसऱ्यांदा वय गेलेलं, मग अकॅडमी काढली. फीसुद्धा पोरांकडून उधारीवर घेतो, ऊसतोडीची उचल आली की मिळते. पण मेजरांनी वहीवर काढलेला खोलीचा नकाशा बघून तो हबकतो. दोन गाद्यांत मोकळं अंतर, डोकं-पाय उलटसुलट, अशा रीतीनं गोदामात सोळाच गाद्या बसतात.

"मेजर, फौजेचं ठीक हाय. तिथं सरकार हाय. मी बारा पोरं कुठं घालू?"

"मंगल कार्यालयाची ओसरी."

"लग्नसराई हाय."

"मग माझ्या घरी. पुढची पडवी रिकामीच हाय."

"थंडीत? पडवीत?"

"थंडीनं कुनी मरत नाई. गोधड्या दोन द्या. बंब तेवढा मागं न्या, शटरपासून लांब. आन् फ्लेक्स काढा."

सर गप्प होतात. फ्लेक्सचं कठीण आहे. तो लावणाऱ्यानं गणपतीत पोरांना टी-शर्ट दिले होते. शेवटी खिडकीऐवजी तो शटरच्या वर लावायचं ठरतं, तिथून रस्त्यावरूनही दिसेल, म्हणजे साहेबांचाही फायदाच. साबण आणि ग्लास आजच आणायचे. अभ्यासिका दहाला बंद. रविवारचा डेमो पुढं ढकलायला मात्र सर तयार होत नाहीत, आणि मेजर तिथं हटून बसतात. खोकणाऱ्या एकालाही पळवायचं नाही, आणि ज्यानं स्वतःहून सांगितलं त्याचं नाव यादीत शेवटी टाकायचं नाही. वेगळी यादी करा, वरती लिहा "सिक", आणि वेळेचा रकाना कोराच ठेवा. म्हणजे घरच्यांना कळेल की पोरगं आजारी आहे, नापास नाही.

"आन् पडवीचं भाडं?" सर विचारतात.

"बाराजनांचं लाइटबिल तुम्ही भरा."

"पंखे तर लागनार नाईत ना हिवाळ्यात?"

"लागतील," मेजर म्हणतात. "रातभर. एक पंखा, बाहेरच्या अंगाला तोंड करून."

सर मोबाइलवर युनिटचा दर काढायला लागतात.